तिसऱ्या अंकाआधी जेवण

नांदेडात रेणुकादास मुखेडकरांचं नाव निघालं की लोक आधी 'बिचारे' म्हणतात आणि मग हे नक्की कोण ते आठवायला लागतात. रेणुकादास संगीत नाटकं लिहितात, त्यातली पदं रचतात, त्यांना चाली लावतात आणि दिग्दर्शनही स्वतःच करतात. एवढं सगळं एकट्या माणसाने केल्यावर गावाला फक्त बघायला येण्याचं काम उरतं. गावाला नेमकं तेवढंच जमलेलं नाही.

त्यांचं मुख्य नाटक 'संगीत मेघवैजयंती', अंक तीन. पैकी तिसरा अंक आजवर कोणीही पाहिलेला नाही. रेणुकादास पाटबंधारे खात्यात नवे कारकून होते तेव्हा हे नाटक स्पर्धेत उतरलं. नाट्यपदांना 'वन्समोअर' घेता घेता दुसऱ्या अंकालाच वेळ संपल्याची घंटा झाली. पुढे निलंग्याच्या जत्रेत दुसरा अंक संपत असताना बाहेर शेवटच्या एसटीने हॉर्न दिला आणि प्रेक्षक, त्यांच्यापाठोपाठ ऑर्गनवाला, असे सगळे उठून गेले. मुखेडला लाइट गेली. ती आली तोवर नाटकातला राजा घरी जाऊन झोपला होता.

दुसरा कोणी असता तर त्याने तिसरा अंक काढून टाकून दोन अंकी नाटक केलं असतं. पण रेणुकादासांचा मोठेपणाच त्या अंकात होता. "सगळा जीव तिसऱ्यात आहे हो," ते भाजी घेताना, दाढी करताना, मयताला जमलेल्या माणसांतसुद्धा सांगायचे. "पहिले दोन म्हणजे नुसतं अंगण. देव आत आहे." त्या देवाच्या नावावर त्यांनी आयुष्यभर घंटेवर, एसटीवर, वीजमंडळावर आणि एकूण मराठवाड्यावर राग धरला. मधल्या काळात पोट नोकरीवर भरलं आणि लेखणी मंगलाष्टकांवर. 'आमच्या नातीचं नाव चारही कडव्यांत आलं पाहिजे, आणि आत्याचं राहिलं तर आत्या मांडवात येणार न्हाई,' अशा अटींवर ते लिहायचे. गुरू आणि लघू मोजत आत्यांना वृत्तात बसवता बसवता केस पिकले.

निवृत्त झाल्यापासून तर घरात तिसऱ्या अंकाशिवाय दुसरा विषय उरला नाही. शेवटी पत्नी चंद्रप्रभाबाईच एकदा पोहे कालवता कालवता म्हणाल्या, "अहो, बैठकीत सतरंजी टाका, पेटी काढा, चार माणसं बोलवा आणि म्हणून टाका एकदाचा तो अंक. मी चहा करते."

प्रकल्प एवढाच होता. एक सतरंजी आणि चहा.

पण ही गोष्ट शेजारच्या आनंदराज पांपटवारांच्या कानावर गेली. आनंदराज बँकेतून निवृत्त झालेले होते आणि सल्ला हा त्यांचा एकमेव चालू व्यवसाय होता. ते कुंपणावरूनच ओरडले, "बैठकीत? मुखेडकरसाहेब, बैठकीत हळदीकुंकू होतं हो, नाटक न्हाई! इतकी वर्षं थांबलात ते काय सतरंजीसाठी? थेटर घ्या. तिन्ही अंक करा. तुम्ही नुसते हो म्हणा, मी मागं हाय."

आनंदराज शेवटपर्यंत मागेच राहिले, हे मान्य केलं पाहिजे.

थिएटर मिळेना. एक दुरुस्तीसाठी बंद होतं आणि दुसरं मेळाव्यासाठी उघडं होतं. त्याआधी परवानगी हवी म्हणून रेणुकादास एका कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी संहिता हातात घेऊन आधी तिचं वजन पाहिलं.

"लेखकाचं संमतीपत्र कुठाय?"

"लेखक मीच आहे."

"ते ठीक आहे. पण अर्जदारही तुम्हीच दिसून राहिले. लेखकानं अर्जदाराला परवानगी दिली हे कशावरून?"

"अहो, मी मला नाही कशाला म्हणीन?"

"असं तोंडी चालत न्हाई. आज हो म्हणतेत, उद्या कोर्टात जातेत. लेखक हयात नसले तर वारसांचं आणा, तेही चालतं."

तेव्हा रेणुकादासांनी घरी येऊन स्वतःला पत्र लिहिलं. 'आपण माझ्या नाटकाचा प्रयोग करू इच्छिता हे वाचून आनंद झाला.' हे वाक्य लिहिताना त्यांना खरंच थोडा आनंद झाला, कारण असं पत्र त्यांना याआधी कोणी लिहिलं नव्हतं. साक्षीदार म्हणून चंद्रप्रभाबाईंनी सही केली. ती साहेबांनी नामंजूर केली. पत्नी चालत नाही, हितसंबंध येतो.

"माझा?" चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "माझा कसला आलाय हितसंबंध या नाटकात!"

शेवटी आनंदराजांची सही चालली आणि परवानगी मिळाली. थिएटरचा प्रश्न लातूरच्या चंद्रप्पांनी सोडवला. चंद्रप्पा मूळचे निलंग्याकडचे, लातुरात त्यांचं भलंमोठं मंगल कार्यालय आहे, आणि त्यांच्या घरातल्या चारही लग्नांची मंगलाष्टकं रेणुकादासांची होती. फोनवर ते गहिवरले.

"गुरुजी, हॉल तुमचा. भाड्याचं नाव काढलात तर बघा. फक्त एक. ऊटा माझं."

"ऊटा म्हणजे जेवण का? अहो, नाटकात जेवण कशाला?"

"आमच्या हॉलमधून माणूस जेवल्याबिगर गेला तर आमचे वडील वरून शिव्या घालतेत. मधी ठिवू का, भूक लागल्यावर?"

"मध्ये नाही!" रेणुकादास इतक्या जोरात ओरडले की कुंपणापलीकडे आनंदराजांनी मान वर केली. "तिसरा अंक झाल्यावर. भरतवाक्य म्हणजे शेवटचं पद असतं. ते झाल्यावर."

"पद झालं की झाकण काढायचं. सांगतो आचाऱ्याला. तुम्ही बिनघोर राहा."

अशा रीतीने नांदेडच्या बैठकीतला चहा लातूरला जाऊन पुरीभाजी, मठ्ठा आणि जिलेबी झाला.

आता माणसं जमवायची. लातूर हे विद्येचं गाव असल्याने तिथे गाता गळा असलेला प्रत्येक तरुण डॉक्टर होण्याच्या मार्गावर असतो. राजाच्या भूमिकेसाठी शिवम मिळाला तो 'नीट' परीक्षेच्या दुसऱ्या प्रयत्नातून उसना. गाण्याने डोक्यावरचा ताण हलका होतो म्हणून त्याच्या आईने परवानगी दिली होती, पण ती प्रत्येक तालमीला वही घेऊन शेजारी बसायची. "गुरुजी, राजाला प्रेम करायचंच हाय तर जरा लवकर उरकायला सांगा. परवा टेस्ट हाय त्याची." तबल्याला अर्धापूरचा दगडोबा आला. केळीच्या बागेचा मालक, हात तयार, बोलणं जेमतेम.

आणि वैजयंती म्हणून शिल्पा मिळाली, ही या सबंध प्रकरणातली एकच चांगली गोष्ट. शिल्पा शाळेत शिक्षिका होती. आवाज असा की पेटीवरचा रेणुकादासांचा हात आपोआप हळू व्हायचा. पण तिला आठ महिन्यांची उर्वी होती, आणि उर्वी जागी असताना शिल्पाला पदाचं दुसरं कडवं कधी दिसत नसे. पहिली तालीम फोनवर रेकॉर्ड करून आली ती कुकरच्या तीन शिट्ट्यांसकट. रेणुकादास दुखावले. "चंद्रकौंसात शिट्टी? मी काय आमटीसाठी चाली लावतो?" पण त्यांनी ते रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. मग जेवताना पुन्हा लावलं. शिट्टीच्या मागे ती मुलगी सुरावर अशी उभी होती, जशी एखादी बाई कडेवर मूल, हातात पिशवी आणि डोक्यात उद्याचा डबा घेऊनही रस्ता बरोबर ओलांडते.

मग तालमींचं वेळापत्रक उर्वीच्या झोपेवर ठरू लागलं. ज्यांच्या 'पुन्हा!' या एका शब्दाने जुन्या काळी नट रडायचे ते दिग्दर्शक लातूरला गेले की मांडीवर बाळ थोपटत मानेने खुणा करायचे. उर्वीला झपताल सोसत नाही, दादऱ्यावर ती झोपते, हा शोध त्यांनी दगडोबाला फार गंभीरपणे सांगितला. "हाव," दगडोबा म्हणाला आणि दादरा धरला. तालीम झाली ती अशी तुकड्यातुकड्यांत. आज एक पद, पुढच्या रविवारी अर्धा प्रवेश. सलग कोणीच काही ऐकलं नव्हतं. पहिले दोन अंक जुने, पाठ होते. तिसऱ्याचं रेणुकादास म्हणायचे, "तो आपोआप उभा राहतो. जीव आहे त्यात."

प्रयोग रविवारी सकाळी साडेदहाला ठरला. निमंत्रणं चंद्रप्पांनी आपल्या नेहमीच्या प्रेसमध्ये छापून घेतली आणि थेट वाटूनच टाकली. रेणुकादासांच्या हाती कार्ड पडलं ते प्रयोगाच्या आदल्या दिवशी. वर गणपती, खाली केळीचे खांब. 'आमच्या येथे श्रीकृपेकरून चि. सौ. कां. मेघवैजयंती…' आणि तळाशी 'कृपया आहेर आणू नये'.

"चंद्रप्पा, हे लग्नाचं कार्ड आहे!"

"प्रेसवाल्याकडं हेच डिझाइन हाय की. आतला मजकूर बदलला न्हवं? आणि गुरुजी, नाटकाचं कार्ड काढलं असतं तर चाळीस माणूस आलं नसतं. आता बघा, पाचशे पानं धरलीत मी."

हे मात्र खरं ठरलं. रविवारी हॉल गच्च भरला. फेटे होते, शालू होते, अत्तराचा घमघमाट होता. नवरा कोणाचा कोण याची कुणालाच नक्की माहिती नव्हती, पण चंद्रप्पांचं बोलावणं म्हणजे जायलाच पाहिजे. दाराशी कार्यालयाच्या दोन बायका नेहमीसारख्या उभ्या होत्या आणि येणाऱ्याच्या हातावर नेहमीसारखं गुलाबपाणी शिंपडून नेहमीसारख्या चिमूटभर अक्षता देत होत्या. रेणुकादास तेव्हा विंगेत राजाची मिशी चिकटवत होते. त्यांना गर्दी तेवढी दिसली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या नाटकाला बसायला जागा नाही म्हणून लोक उभे राहिले होते. त्यांचे डोळे भरून आले. "आहे," ते चंद्रप्रभाबाईंना म्हणाले, "मराठवाड्यात अजून रसिकता आहे."

पहिला अंक उत्तम झाला. नवरानवरी दोघं गातात ही नवी पद्धत लोकांना आवडली. दुसऱ्या अंकाच्या शेवटी वैजयंती राजाचं नगर सोडून जाते. उर्वीला विंगेत चंद्रप्रभाबाईंच्या मांडीवर ठेवून शिल्पा पुढे आली, तिने डोळे मिटले आणि निरोपाचं पद सुरू केलं.

'जाते सोडुनि आज गाव अवघे, मागे न पाहीन मी…'

प्रेक्षक सरसावून बसले. पदर सावरले गेले, मुठी मिटल्या. रेणुकादासांना वाटलं, रंगलं! पण हे रंगणं नव्हतं, ही ओळख होती. कारण या पदाची चाल त्यांनी तरुणपणी जीव ओतून बांधली होती, आणि नाटक पडल्यावर, चाल वाया जाऊ नये म्हणून, तीच पहिल्या मंगलाष्टकांना लावली होती. वृत्त तेच, चाल तीच. त्यानंतर लातूरपासून निलंग्यापर्यंत निम्म्या लोकांची लग्नं याच चालीवर लागली होती. समोर बसलेल्यांच्या अंगात ती मुरलेली होती. चौथी ओळ कुठे संपते आणि हात कधी उचलायचा हे त्यांना झोपेतही कळलं असतं.

'दारी वाट पुसून टाक सगळी, आता न येईन मी!'

"सावधान!" मागून कोणीतरी खणखणीत आवाजात म्हणालं, आणि वैजयंतीच्या अंगावर पाचशे मुठींतून अक्षता आल्या.

विंगेतून रेणुकादास धावले. "थांबा! हे मंगलाष्टक नाही! हे आधीचं आहे! मंगलाष्टकं याच्यानंतरची!" पण साउंडवाल्याने अक्षता बघितल्या आणि सवयीने सनई सोडली. सनई ऐकून आचाऱ्याने सवयीने झाकणं काढली. अक्षता पडल्यावर जो माणूस खुर्चीवर बसून राहतो त्याला पहिल्या पंगतीत जागा मिळत नाही, हे तिथे लहान मुलांनाही ठाऊक होतं. टाळी वाजवायलाही कोणी थांबलं नाही. शिवमची आई स्टेजवर चढली, मिशीसकट राजाचा दंड धरला आणि म्हणाली, "चल, जेवून दोन तास तरी बस अभ्यासाला." आनंदराज जाता जाता रेणुकादासांचा खांदा दाबून गेले. "लई हृदयस्पर्शी! पुऱ्या गरम हायत तोवर येतो खाऊन."

चंद्रप्पा हात जोडून आले. "गुरुजी, आचाऱ्याला तुम्हीच तर सांगायला लावलं, पद झालं की झाकण."

हॉलमध्ये खुर्च्या राहिल्या, त्यांच्यावर तांदूळ.

रेणुकादास स्टेजच्या पायरीवर बसले. घंटा, एसटी, लाइट, आणि आता जिलेबी. ते काहीतरी मोठं, करुण बोलायच्या तयारीत होते, तेवढ्यात केसांतले तांदूळ झटकत शिल्पा म्हणाली, "काका, तिसरा करू या ना. उर्वी झोपलीय. पाऊण तास तरी मिळेल."

"कोणासमोर करायचा?"

"तुमच्यासमोर. तुम्ही कधी समोर बसून बघितलंय का?"

त्यांनी नव्हतं बघितलं. ते कायम विंगेत असायचे. चंद्रप्रभाबाईंनी झोपलेलं बाळ सांभाळून उचललं, दोघं खाली आले आणि तांदूळ झाडून पहिल्या रांगेत बसले. राजा जेवायला गेलेला, म्हणून राजाची वाक्यं दगडोबाने तबल्यामागून संहितेत बघून वाचली. पदांना साथ केली आणि मधे मधे राज्यही चालवलं.

आणि तिसरा अंक झाला. पूर्ण झाला.

शिल्पा सुंदर गायली, हे आधी सांगितलं पाहिजे, म्हणजे दोष कोणावर ढकलायला जागा राहत नाही. भूक असेल, थकवा असेल, पण एकही सूर तिने हलू दिला नाही. तरीही दुसऱ्या पदानंतर रेणुकादास खुर्चीत पुढे सरकून बसले. राजा पश्चात्ताप करत होता. राजा अजून पश्चात्ताप करत होता. वैजयंती उभी होती. तिने का परत यावं याचं कारण कोणीच सांगत नव्हतं, मग ती परत आली आणि तेव्हाही कोणी सांगितलं नाही. एक विनोद आला, तो त्यांना स्वतःला कळायला वेळ लागला. एक पद दुसऱ्या अंकातल्याच पदासारखं होतं, फक्त लांब. ते देवाला शोधत होते. जीव, जीव कुठाय? आता येईल. या प्रवेशात असेल. पुढच्या पदात.

त्यांनी हळूच शेजारी पाहिलं. चंद्रप्रभाबाई ताठ बसल्या होत्या, बाळाच्या पाठीवर हात ठेवून, चेहऱ्यावर सौजन्य. पाहुण्यांकडे गेल्यावर ते मुलाच्या बारशाचा अल्बम दाखवतात तेव्हा त्या अशाच बसतात.

तेव्हा रेणुकादासांना कळलं. त्या घंटेने, त्या एसटीने, त्या गेलेल्या लाइटने त्यांना आयुष्यभर झाकून ठेवलं होतं. आज झाकण निघालं होतं.

भरतवाक्य झालं. चंद्रप्रभाबाईंनी बाळ जागं होणार नाही इतपत टाळ्या वाजवल्या. दगडोबा तबल्यावर कापड घालू लागला. शिल्पाने वाकून काकांना नमस्कार केला आणि त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. रेणुकादासांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू… तू फार चांगली गातेस गं," ते म्हणाले. ज्यांना कधी थांबवता आलं नव्हतं त्यांना शब्द सापडेना, हे बघून शिल्पाच घाबरली. "काका, बरं वाटत नाहीये का? दोन घास खाऊन घ्या." तोवर जिलेबी संपली होती.

परतीच्या गाडीत पुढे ड्रायव्हरशेजारी आनंदराज, मधे मुखेडकर पतिपत्नी, मागे तबल्यासह दगडोबा. आनंदराज तृप्त होते. लोह्याच्या अलीकडे त्यांनी मान मागे वळवली.

"साहेब, आम्ही जेवायला गेलो तवा मागं करून टाकला का मग तिसरा अंक?"

रेणुकादास खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी तोंड उघडलं. सत्तरीला आलेल्या माणसाने नवीन दुःख कुठून आणायचं? जुनं होतं ते चांगलं चाललं होतं.

"कुठला हो भाऊजी," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. आवाज अगदी नेहमीचा, भाजीचा भाव सांगावा तसा. "माणसंच उठून गेली की. कोणासमोर करणार?"

आनंदराजांनी मागच्या सीटकडे पाहिलं. दगडोबाने तबल्याची गाठ घट्ट केली.

"न्हाई झाला," तो म्हणाला.

"अरारारा! म्हणजे परत ऱ्हायला? पुन्हा घात झाला म्हणा की!"

रेणुकादासांनी बायकोकडे पाहिलं. त्या पर्समध्ये रुमाल शोधत होत्या, आणि रुमाल तर त्यांच्या हातातच होता. मग ते सावरून बसले. खाकरले. आवाज आधी जरा चिरका निघाला, पण दुसऱ्या वाक्याला सूर लागला.

"काय सांगू आनंदराज तुम्हाला. सगळा जीव तिसऱ्यात होता हो."

आणि ते नांदेड येईपर्यंत बोलत राहिले.